झऱ्यावरची फुलं

मुलांनो, जरा डोळे मिटा पाहू. घट्ट नको, नुसत्या पापण्या टेकवा. मिटले? आता समजा, तुमच्यासमोर एक डोंगर आहे. सकाळी निळा दिसणारा आणि दुपारी मांजराच्या पाठीसारखा करडा. डोंगराकडे पाठ करून उभे राहिलात तर लांब खाडीच्या अंगाला मिठागरं दिसतील. तिथले मिठाचे ढीग उन्हात असे चमकतात की वाटावं, आभाळातून गळलेले ढग कुणीतरी गोळा करून रांगेत ठेवलेत. डोंगर आणि मिठागरं यांच्या मधोमध मुलुंड. पण आजचं नव्हे हं. उंच इमारती पुसून टाका. भाताची खाचरं ठेवा, काट्याकुट्यांची कुंपणं ठेवा, पाच-सहा कौलारू घरं ठेवा. त्यांतल्या शेवटच्या घरामागे एक जांभळाचं झाड लावा, आणि त्या जांभळाच्या सावलीत एक विहीर.

या, हळूच या. काठावर हात टेकून आत वाकून बघा.

काय दिसलं? पाणी? नाही, आधी फुलं दिसतात. पांढरी तगर, लाल जास्वंद, पिवळट चाफा. खालच्या गोल काळोखात ती फुलं तरंगतात आणि अगदी सावकाश फिरतात, जणू एक लहानसं आभाळ कुणी जमिनीखाली जपून ठेवलंय.

ती फुलं रोज सकाळी मालन टाकायची. गोष्ट तिचीच आहे, आणि साल आहे एकोणीसशे पंचावन्न. मालन तेव्हा दहा वर्षांची होती. आंघोळ झाली की ती परडीभर फुलं खुडायची, त्यांत चिमूटभर तांदूळ घालायची, काठाशी उभी राहायची आणि ओंजळ उघडायची. फुलं खाली जाताना आवाज होत नसे. तांदूळ मात्र पाण्यावर पडताना बारीक टपटप वाजत, आणि मालनला वाटायचं, खालून कुणीतरी 'हं, हं' म्हणतंय.

कोण म्हणतंय, तेही तिला ठाऊक होतं. त्यासाठी थोडं मागं जायला हवं.

मालन सहा वर्षांची असताना बाबा तिला खांद्यावर बसवून गावच्या रवळनाथाच्या देवळात घेऊन गेले होते. बाबांचं नाव दशरथ. आधी ते परळच्या गिरणीत होते, मग मुलुंडच्या एका लहानशा कारखान्यात लेथवर लागले. डोंगराच्या बाजूला त्यांनी जागा घेतली, चार भिंती उभ्या केल्या. पण पाणी? ते कुठे होतं कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून ते देवाचा कौल घ्यायला गावी आले होते. कोकणात देवाला प्रश्न विचारायची ही जुनी रीत. गुरव देवाच्या पाषाणावर डावीकडे आणि उजवीकडे ओले तांदूळ चिकटवतो, सगळ्यांच्या वतीनं गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवीकडचा दाणा आधी पडला, तर देव 'हो' म्हणाला.

"बा देवा महाराजा," गुरवानं हात जोडून विचारलं, "ह्या तुझ्या लेकरान मुंबैक घर बांधल्यान हा. थंय पाणी लागतला काय?"

"व्हय महाराजा!" मागे उभी असलेली मंडळी एका सुरात म्हणाली.

उजवा दाणा चटकन घसरला.

"आणि लागला तर टिकतला काय? उन्हाळ्यात आटूचा नाय मां?"

"व्हय महाराजा!"

या वेळी मात्र बराच वेळ काहीच झालं नाही. समईची ज्योत हलली. बाहेर कुणाची तरी गाय हंबरली. मग उजवा दाणा सुटला आणि अगदी सावकाश, विचार करत करत उतरावा तसा खाली आला. बाबांचे खांदे थरथरलेले मालनला तिच्या पायांना जाणवले. बाबा रडत होते.

पुढच्या वर्षी विहीर खणली ती गुणाजींनी. गुणाजी म्हणजे बाबांचे चुलते, मालनचे चुलत आजोबा. मुंबईच्या आसपास त्यांनी किती विहिरी खणल्या असतील, ते स्वतःच सांगू शकत नसत. पाच पुरुष, म्हणजे एकावर एक पाच माणसं उभी राहतील एवढं खोल गेल्यावर खाली कातळ लागला, कातळात एक चीर सापडली, आणि त्या चिरेतून झरा आला. गोड, थंडगार. त्या दिवशी बाबांनी काठावर नारळ वाढवला आणि सगळ्यांना बजावलं, "हे देवानं शब्द देऊन दिलेलं पाणी आहे. यात माणसाचा पाय पडता कामा नये." मग मालनच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि रोजची पूजा माझ्या मालूची."

त्या दिवसापासून पूजा चुकली नाही. तापातसुद्धा नाही. आई परडी घेऊन यायची आणि मालन अंथरुणातून उठून दाराशी उभी राहून बघायची, फुलं नीट पडली की नाही.

दर चैत्रात गुणाजी यायचे. खांद्यावर दोरखंड, हातात घमेलं. "चल दशरथा, गाळ काढूक व्हयो." बाबा त्यांना चहा द्यायचे, गावच्या गोष्टी विचारायचे आणि शेवटी म्हणायचे, "काका, दुसऱ्या विहिरींचं ठीक आहे. ही देवाची आहे. देवानं कौल दिलाय, तोच बघेल." गुणाजी काही बोलायचे नाहीत. बशीतला चहा संपवायचे, आणि दोरखंड उचलून आल्या वाटेनं परत जायचे.

असे दोन चैत्र गेले. तिसऱ्या वर्षी गुणाजींना कुणीतरी लांब विहीर खणायला बोलावलं आणि ते आलेच नाहीत.

आणि त्याच उन्हाळ्यात पाणी बदललं.

पहिल्यांदा ते कुंदाच्या लक्षात आलं. कुंदा शेजारच्या घरातली. तिचे वडील फोर्टात कचेरीत होते आणि त्यांचं घरही याच विहिरीचं पाणी भरायचं. एका सकाळी कुंदा कळशी घेऊन आली, नाक मुरडून उभी राहिली.

"ए मालन, पाण्याला वास येतोय गं."

"कसला वास?"

"शिळ्या हारासारखा. आई म्हणाली, आत बेडूक मेलाय वाटतं."

"बेडूक तुझ्या डोक्यात मेलाय! देवाच्या विहिरीत बेडूक मरत नाहीत."

"मग कुठे जातात? काशीला?"

मालननं तिला चिमटा काढला, तिनं मालनची वेणी ओढली, आणि भांडण तिथंच मिटलं. पण वास मिटला नाही. उलट पाणी खाली जायला लागलं. पोहरा आधी बारा हात दोर घेत असे, मग पंधरा, मग अठरा. एप्रिल संपता संपता पोहऱ्यात पाण्याबरोबर काळा, बुळबुळीत चिखल येऊ लागला. कुंदाच्या घरच्यांनी यायचं थांबवलं.

घराच्या पलीकडून, रस्त्याच्या कडेनं, शहराला पाणी नेणारे दोन थोरले नळ जात. हत्ती आडवा निजला तर केवढा दिसेल, तेवढे जाड. आत एवढं पाणी, पण ते सगळं लांब मुंबईला चाललेलं. या घरांसाठी त्यात एक थेंब नव्हता. एका ठिकाणी सांधा पाझरायचा, तिथं बायका भांडी लावून बसत. मालनची आई, सुगंधाबाई, रोज तिथं जायला लागली. आई तांब्या-तांब्यानं हंडा भरेपर्यंत मालन नळाला कान लावून उभी राहायची. आत घूं घूं असा आवाज चालायचा, झोपेत कुणी लांबचं गाणं गुणगुणावं तसा. तो ऐकता ऐकता तिचे डोळे मिटायचे आणि तिला वाटायचं, आपल्या विहिरीचं पाणीही असंच कुठंतरी चाललंय, आपल्याला सोडून.

एका संध्याकाळी कामावरून आल्यावर बाबा ओट्यावर बसले. पायांतल्या वहाणासुद्धा त्यांनी काढल्या नाहीत.

"सुगंधा, मे सरत आला की कोकणच्या बोटी पावसाळ्यापुरत्या बंद होतील," ते म्हणाले. "शेवटची बोट वीस-बावीस तारखेची. तू आणि मालू गावी जा."

"आणि तुम्ही?"

"मी परळला जाईन. जुन्या खोलीत बारा जण आहेत, तेरावा कुणाला जड होणार नाही. इथं पाण्याशिवाय घर कसं चालवायचं?"

"आणि मग पावसाळा संपल्यावर?" आईनं विचारलं.

बाबा वाकून वहाणा सोडू लागले. विहिरीच्या दिशेला त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, आणि तेवढ्यावरून मालनला सगळं कळलं. घर सुटणार. शाळा सुटणार. आणि याहून वाईट म्हणजे, बाबांच्या मनात आता एकच होतं: देवानं शब्द मोडला होता.

नाही, मालन स्वतःशी म्हणाली. देव शब्द मोडत नाही. मी पाहिलाय तो दाणा. मीच कमी पडले असेन. फुलं कमी पडली असतील.

दुसऱ्या दिवसापासून तिनं एका परडीच्या दोन केल्या. कुंदाच्या अंगणातली जास्वंद मागून आणली, कुंपणावरची कोरांटी खुडली. तांदूळ चिमूटभर होते ते मूठभर केले. आपल्या ताटातला पहिला घास तिनं बाजूला काढून ठेवला आणि तोही विहिरीत सोडला. आता खालून टपटप ऐकू येत नसे. फुलं पडत तिथंच चिखलावर रुतून बसत, तोंडं वर करून.

कुंदा कुंपणापलीकडून बघत होती. "मालन, तुमचा देव सुट्टीवर गेलाय का गं?" तिनं विचारलं. पण या वेळी तिनं ते चिडवायला विचारलं नव्हतं.

त्या दुपारी मालनला जांभळाखाली झोप लागली. डोंगरावरून गरम वारा येत होता. जांभळाची पानं एकेक करून गळत होती, काही तिच्या अंगावर, काही विहिरीत. आणि तिला स्वप्न पडलं.

स्वप्नात ती विहिरीच्या तळाशी होती, आणि तळ म्हणजे गावचं देऊळ होतं. समई जळत होती. पाषाणाच्या जागी रवळनाथ स्वतः बसले होते, म्हाताऱ्या शेतकऱ्यासारखे, डोक्याला मुंडासं बांधून. पण ते फुलांत बुडालेले होते. गुडघे फुलांत, हात फुलांत, छाती फुलांत. फुलं त्यांच्या ओठांपर्यंत आली होती. त्यांचे डोळे मात्र हसरे होते. ते मालनला काहीतरी सांगत होते. ओठ हलत होते, पण शब्द फुलांत अडकून पडत होते. मालन म्हणाली, "देवा, मोठ्यानं बोल ना!" आणि आणखी एक ओंजळ फुलं त्यांच्यावर टाकली. देवानं डोळे मिटले.

ती दचकून जागी झाली. कुणीतरी विहिरीच्या काठावर वाकलं होतं, खांद्यावर दोरखंड घेऊन.

"गुणाजीआजोबा!"

"अगो, ह्या काय केलात तुमी हिच्या?" गुणाजींनी मागं न बघताच विचारलं. "वास तर मुलुंड ठेसनापासून येता."

ते बोटीनं गावी निघाले होते. जायच्या आधी पुतण्याला भेटायला आले होते. त्यांनी कंदील पेटवला, दोराला बांधला आणि हळूहळू विहिरीत सोडला.

"दिवसाउजेडी कंदील कशाला?" मालननं विचारलं.

"खाली हवा बरी आसा काय बघूक. वात विझली, तर माणसान उतरूचा नाय." कंदील तळापर्यंत गेला. ज्योत लहान झाली, पण विझली नाही. त्या पिवळ्या उजेडात मालननं तळ पाहिला. कुठंच पाणी दिसत नव्हतं. काळ्या चिखलावर तिची फुलं पसरलेली होती; वरची ताजी, त्याखालची तपकिरी, त्याखालची काळी. तीन वर्षांची फुलं.

संध्याकाळी बाबा आले आणि ओट्यावर दोघांची जुंपली.

"काका, मी हजारदा सांगितलंय, त्यात पाय घालायचा नाही!"

"मेल्या, मी खणली तेवा काय टकलार उभो रवान खणलंय? तेवा माझे पाय नाय हुते?"

आईनं पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की काय, कोण जाणे. बाबा मात्र हसले नाहीत.

"तेव्हा ती नुसती विहीर होती. पाणी आल्यावर ती देवाची झाली. आणि तिची राखण देवानं करायची. त्यानं कौल दिला होता, काका. दोन वेळा. तुम्ही होतात ना तिथं?" बाबांनी विहिरीकडे हात केला. "मग कुठाय त्याचं पाणी?"

गुणाजींनी कमरेची चंची सोडली. त्यांनी पानाला चुना लावला, पान दुमडलं, पण तोंडात घातलं नाही.

"दशरथा, एक सांग माका. गुरव सकाळी देवळात जाता. पयला काम काय करता?"

"पूजा."

"त्येच्या आधी?"

बाबांनी वर पाहिलं.

मालन उंबऱ्यात बसून ऐकत होती. तिला गावचं देऊळ आठवलं. सकाळचा ओला गाभारा. गुरव आत शिरतो, हात जोडतो, आणि मग... "कालची फुलं काढतो," ती एकदम म्हणाली. "आधी कालची फुलं काढतो. मग देवाला हातानं चोळून आंघोळ घालतो. मग नवी फुलं."

"ऐकलंस?" गुणाजी बाबांना म्हणाले. "देवाक हात लावल्याबिगर देवाची सेवा जायत नाय. देवान आपला काम केल्यान. झरो दिल्यान. झरो तेचो, गाळ आपलो. गाळसुदा तेनाच काढूचो, तर तुका हात कित्याक दिल्यान, टाळी वाजवूक?"

बाबा उठून आत गेले.

मालन मात्र उंबऱ्यातच बसून राहिली.  स्वप्नातले ते ओठ आता तिला समजले. एवढी फुलं कुणी टाकली होती? रोज, न चुकता, तापातसुद्धा?

"आजोबा," ती अगदी हळू म्हणाली, "मीच बुजवली ना विहीर?"

गुणाजींनी तिला जवळ ओढलं. त्यांच्या हाताला मातीचा आणि तंबाखूचा वास होता.

"तू प्रेमान टाकलंस गो बाय. फुलां टाकूचा पाप नाय. पण टाकलेला काढूकय व्हया. ता तुका कोणी सांगूकच नाय. मीसुदा नाय. दर वर्षी चाय पिवन गप गेलंय ना? माझीय चूक आसा."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी बाबांनी आंघोळ केली, पाय दोन-दोनदा धुतले, काठावर कपाळ टेकलं. क्षणभर वाटलं, आता ते मागं फिरणार. मग त्यांनी दोर धरला आणि दगडांच्या खोबणींत पाय देत देत ते खाली उतरले. मालननं डोळे घट्ट मिटून घेतले. आभाळ कोसळलं नाही. जांभळावरचा कावळासुद्धा उडाला नाही.

सकाळभर घमेली वर येत राहिली. गुणाजी ओढायचे, आई आणि मालन रिकामी करायच्या. काळा, थंड, बुळबुळीत गाळ. त्यात कुजलेली फुलं, नारळाच्या करवंट्या, सुपाऱ्या, जांभळाची पानं, फुगलेले तांदूळ. थोड्या वेळानं कुंदा आली, नाकाला फडकं बांधून. कुणी बोलावलं नव्हतं. तिनं न बोलता घमेल्याची दुसरी बाजू धरली.

"बेडूक सापडला का?" अर्ध्या तासानं तिनं विचारलं.

"नाही."

"म्हणजे काशीलाच गेला," कुंदा म्हणाली, आणि दोघी गाळानं माखलेल्या हातांनी हसत सुटल्या.

दुपारी कातळ लागला. सूर्य डोक्यावर आला होता, उजेडाची एक गोल थाळी थेट तळावर पडली होती. बाबांनी खालून हाक दिली, पण तिच्यात आनंद नव्हता.

"काका, चीर सापडली. पण कोरडी आहे."

"आत काय आसा? हात घाल!"

"जात नाही. बोटं जातात, पंजा जात नाही. आत काहीतरी घट्ट बसलंय. पहार घालू का?"

"नको!" गुणाजी ओरडले. "पहारीन चीर फुटात, झरो वाट बदलीत." मग ते मालनकडे वळले. तिच्या हातांकडे बघत राहिले. "हो बारक्या हाताचो काम आसा," ते म्हणाले. आईकडे पाहून त्यांनी विचारलं, "सुने, सोडू काय हिका?"

आई पुढं आली. तिनं विहिरीत वाकून बाबांकडे पाहिलं, मग मालनकडे. "दोन दोर बांधा," ती म्हणाली.

फळीला दोर बांधून पाळणा केला, दुसरा दोर मालनच्या कमरेला. कंदील पुन्हा एकदा आधी खाली जाऊन आला. आणि मग मालन स्वतःच्या विहिरीत उतरू लागली.

मुलांनो, तुम्ही कधी विहिरीच्या आतून वर पाहिलंय? नसेल पाहिलं तर पुन्हा जरा पापण्या टेकवा. भोवती ओले दगड, त्यांत बारीक नेची उगवलेली. आवाज मऊ होत जातात. वरचं आभाळ एवढं एवढं होत जातं आणि शेवटी एका निळ्या बशीएवढं उरतं. त्या बशीच्या काठावर आईचं डोकं, कुंदाचं डोकं, आजोबांचं मुंडासं. मालनला वाटलं, आपण फुलासारखं खाली जातोय. मी टाकलेल्या प्रत्येक फुलाला हे असंच दिसलं असेल.

बाबांनी तिला अलगद उतरवून घेतलं. त्यांच्या सगळ्या अंगाला चिखल लागला होता. डोळे तेवढे ओळखीचे होते.

"इथं, मालू."

कातळातली ती चीर जेमतेम तिचा हात जाईल एवढी होती. हात घालण्याआधी मालननं तिथं कान लावला, थोरल्या नळाला लावायची तसा. सुरुवातीला काहीच नाही, फक्त तिच्याच काळजाचे ठोके. मग त्या ठोक्यांच्या पलीकडे, फार फार आत, काहीतरी. गुळुगुळु. जणू तोंड भरलेलं असताना कुणी बोलू बघतंय.

"बाबा, तो आहे," ती कुजबुजली. "तो बोलतोय."

तिनं हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. बोटांना काहीतरी केसाळ लागलं. तिनं ते ओढलं, निघेना. तिनं बोटं त्यात रुतवली, डोळे मिटले आणि पुन्हा ओढलं. हळूहळू, कुरकुरत, ते सुटलं. नारळाची शेंडी होती. तिच्याभोवती तीन वर्षांची फुलं आणि तांदूळ मिळून लगद्याचं घट्ट बूच झालं होतं.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. तो दुसरा कौल घेतानाही असंच झालं होतं.

मग तिच्या मनगटाला काहीतरी गार लागलं. दोऱ्याएवढं. मग करंगळीएवढं. पाणी आधी काळं आलं, मग राखाडी, आणि मग एकदम स्वच्छ, तिच्या बोटांमधून, कोपरावरून, बाबांच्या पायांवर.

"आहे!" मालन ओरडली आणि सगळी विहीर तिच्याबरोबर ओरडली. "आई, आहे! तो गेलाच नव्हता! इथंच होता!"

वरून गुणाजींचा घोगरा आवाज घुमत आला, "व्हय महाराजा!"

बाबा खाली वाकले. त्यांनी ओंजळ भरली, पण प्यायले नाहीत. नुसते त्या पाण्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. देवाची क्षमा मागत असावेत. मालननं त्यांच्या चिखलानं भरलेल्या पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळपर्यंत पाणी गुडघाभर चढलं. आईनं दोरीनं बांधलेली ट्रंक सोडली आणि लुगडी पुन्हा फळीवर रचली. मंगळवारी गुणाजी एकटेच गावी निघाले. निघताना त्यांनी झऱ्याच्या पाण्यानं तांब्या भरला, त्याचं तोंड केळीच्या पानानं बांधून घेतलं. "देवाक न्हावक घालतंय ह्या पाण्यान," ते म्हणाले. "काय सांगू त्येका तुझ्याकडसून?"

मालननं खूप विचार केला. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण तोंडाशी एकही वाक्य नीट येईना.

"नाय सुचत तर रवांदे," गुणाजी हसले. "तेका समाजता." आणि तांब्या सांभाळत ते वाटेला लागले.

पाणी निवळेपर्यंत गुणाजींनी विहिरीत फुलं टाकू दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी मालन नेहमीपेक्षा लवकर उठली. डोंगर अजून निळा होता. तिनं आंघोळ केली, परडी भरली आणि विहिरीशी गेली. खाली पाणी आरशासारखं स्थिर होतं, आणि त्यात एक लहानशी मुलगी परडी घेऊन उभी होती. मालननं सवयीनं ओंजळ भरली. ओंजळ विहिरीवर नेली. तिथं ती थोडा वेळ तशीच थांबली.

मग तिनं हात मागं घेतला. फुलं काठावरच्या दगडावर ठेवली, एकेक, देठ आत आणि पाकळ्या बाहेर. काठाच्या फटींत अडकलेली जुनी सुकलेली फुलं वेचून जांभळाच्या बुंध्याशी टाकली. तांदूळ कुंपणाशी चिमण्यांना घातले. आणि पुन्हा वाकून पाहिलं, तेव्हा तिला पाण्यावर जांभळाचं एक पान तरंगताना दिसलं. फक्त एकच.

मालननं पदर खोचावा तसा परकर खोचला, पोहरा सोडला, आणि ते पान बाहेर काढलं.